शाळेच्या सुट्टीत बेकारी भत्ता: अमेरिकेतील शालेय कर्मचाऱ्यांनी दावा कसा करावा

अमेरिकेत आलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांची पहिली नोकरी शाळेतली असते. कोणी वर्गात पॅराप्रोफेशनल (थोडक्यात ‘पॅरा’), म्हणजे शिक्षकांचा मदतनीस, म्हणून लागते, कोणी सबस्टिट्यूट टीचर, म्हणजे बदली शिक्षक, कोणी लंच एड, कोणी शाळेच्या बसमध्ये मदतनीस. मुलांच्या वेळेशी जुळणारी आणि घराजवळची म्हणून ही नोकरी सोयीची वाटते, पण जूनमध्ये शाळा बंद झाली की सप्टेंबरपर्यंत पगार येत नाही, ही गोष्ट पहिल्या उन्हाळ्यातच ठळकपणे जाणवते. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवलेल्यांना विनापगाराची सुट्टी नवी नाही. नवी आहे ती अशा काळात सरकारी बेकारी विम्याकडे (‘अनएम्प्लॉयमेंट’) दाद मागण्याची सोय. त्या सोयीविषयी ओळखीपाळखीत दोन ठाम मते ऐकू येतात. शाळेवाल्यांना अनएम्प्लॉयमेंट कधीच मिळत नाही, हे एक. आणि पगार थांबला की ते मिळतेच, हे दुसरे. कायदा या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे, आणि आपण नेमके कुठे बसतो हे बहुतेक वेळा शाळेने मे महिन्यात हातात दिलेल्या एका पानाच्या पत्रावर ठरते.

मूळ नियम

बेकारी भत्ता प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने देते, परंतु त्या कायद्यांची चौकट केंद्र सरकारच्या बेकारी कर कायद्याने आखून दिलेली आहे. सरकारी शाळांतील कर्मचारी १९७६ च्या दुरुस्तीने या विम्याच्या कक्षेत आले आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी सुट्टीची आडकाठीही घातली गेली. शिकवण्याचे, संशोधनाचे किंवा प्रमुख प्रशासकाचे काम करणाऱ्या व्यक्तीने एका सत्रात काम केले असेल आणि पुढच्या सत्रासाठी तिच्याकडे करार किंवा ‘रीझनेबल अ‍ॅश्युरन्स’, म्हणजे परत कामावर घेण्याचे विश्वासार्ह आश्वासन असेल, तर शाळेच्या वेतनावर आधारलेला भत्ता दोन सत्रांमधील काळात तिला देता येत नाही, आणि हे बंधन सर्व राज्यांवर आहे. बाकीच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, म्हणजे स्वयंपाकघर, सफाई, बस, कार्यालय आणि बऱ्याच ठिकाणी वर्गातील मदतनीस यांच्या बाबतीत, भत्ता नाकारायचा की नाही हे ठरवण्याची मुभा राज्यांना आहे. बहुतेक राज्ये नाकारतात. मिनेसोटाने २०२३ मध्ये कायदा बदलून या दुसऱ्या गटाला उन्हाळ्यातही भत्त्याचा हक्क दिला. असे करणारे ते पहिले राज्य. त्यामुळे मिनेसोटात पॅरा म्हणून काम करणाऱ्या वाचकांनी शेजारच्या राज्यातील मैत्रिणीचा अनुभव आपल्याला लागू आहे असे समजू नये.

सत्राच्या मधल्या सुट्ट्यांना, उदाहरणार्थ थँक्सगिव्हिंग, नाताळ किंवा स्प्रिंग ब्रेक यांना, याच धर्तीचा नियम आहे: सुट्टीच्या आधी काम केले असेल आणि सुट्टीनंतर परत येण्याचे आश्वासन असेल, तर त्या आठवड्यांचा भत्ता मिळत नाही.

उन्हाळी शाळा भरते, मग ते सत्रच नव्हे का, हा युक्तिवाद अनेकांच्या मनात येतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तो येऊन गेला आहे. विद्यार्थिसंख्या, कर्मचारी, खर्च आणि अभ्यासक्रम या बाबतींत उन्हाळी वर्ग नेहमीच्या सत्रासारखे असल्याशिवाय त्यांना शैक्षणिक सत्र म्हणता येणार नाही, असे त्या न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. म्हणून निदान त्या राज्यात तरी ‘मला समर स्कूलमध्ये बोलावले नाही’ एवढ्या कारणावर दावा टिकण्याची आशा फारशी धरू नये.

पहिली पायरी: आपला मालक कोण, हे पगाराच्या चिठ्ठीवर पाहावे

आपण शाळेच्या इमारतीत काम करतो म्हणजे शाळाच आपली मालक आहे, असे नसते. अनेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या त्या भागातील सरकारी शाळा चालवणारी मंडळे, जेवणाचे, बसचे आणि सफाईचे काम खाजगी कंपन्यांना देतात, आणि काही ठिकाणी सबस्टिट्यूट टीचरसुद्धा एजन्सीमार्फत येतात. केंद्रीय कायद्यातील सुट्टीची आडकाठी शैक्षणिक संस्था, सरकारी यंत्रणा आणि ना-नफा संस्था यांच्या कर्मचाऱ्यांपुरती आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या कंत्राटदाराच्या नोकरांना ती लावण्याचे बंधन केंद्रीय कायदा राज्यांवर घालत नाही. आपल्या राज्याने स्वतःहून वेगळा नियम केला आहे का, एवढे मात्र तपासून घ्यावे. पगाराच्या चिठ्ठीवर आणि वर्षाच्या कमाईच्या डब्ल्यू-२ फॉर्मवर मालक म्हणून ज्याचे नाव आहे, तोच आपला मालक.

लहान मुलांच्या केंद्रांबाबतही असाच फरक पडतो. डिस्ट्रिक्टने चालवलेली प्री-स्कूल ही शैक्षणिक संस्था ठरते, पण सामाजिक संस्थेने चालवलेले हेडस्टार्ट केंद्र (कमी उत्पन्नाच्या घरांतील लहान मुलांसाठीचे) बहुधा ठरत नाही.

याशिवाय, ज्या काळातील कमाई मोजली जाते त्या काळात शाळेबाहेर दुसरी नोकरी केली असेल, दुकानात म्हणा किंवा एखाद्या कार्यालयात, तर त्या कमाईला ही आडकाठी लागत नाही. ती कमाई एकटीच राज्याच्या किमान अटीत बसत असेल, तर तिच्या आधारे उन्हाळ्यात भत्ता मिळू शकतो. भत्ता अर्थात कमी येतो, पण हा मार्ग आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरी पायरी: आश्वासनाचे पत्र ओळ न् ओळ वाचावे

सगळ्या प्रक्रियेतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक नेमका तोच घाईने उरकतात. केंद्रीय श्रम खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक पत्रात आश्वासन केव्हा खरे मानावे याच्या कसोट्या सांगितल्या आहेत. दावा करणाऱ्याने त्या स्वतःच्या पत्राला लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी अशी की नोकरी देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीकडून प्रत्यक्ष देकार आलेला असावा. तो लेखी, तोंडी किंवा गर्भितही असू शकतो. मात्र वर्गशिक्षिका जाताजाता ‘सप्टेंबरमध्ये भेटूच’ म्हणाल्या, तर तो देकार होत नाही, कारण नेमणूक त्यांच्या हातात नसते.

दुसरी कसोटी कामाच्या प्रकाराची. शिक्षक म्हणून काम केलेल्या व्यक्तीला पुढच्या वर्षी फक्त मदतनीसाचे काम देऊ केले, तर ते त्याच प्रकारचे काम मानले जात नाही. उलट, दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये त्याच प्रकारची नोकरी मिळाली असेल, तर मालक बदलला तरी आडकाठी कायम राहते. कायदा ‘कोणतीही शैक्षणिक संस्था’ असे म्हणतो.

तिसरी कसोटी पैशांची, आणि ती अंकगणिताने सोडवता येते. पुढच्या वर्षीच्या कामाच्या आर्थिक अटी आधीच्यापेक्षा फार उण्या नसाव्यात; श्रम खात्याच्या मते पुढील कमाई आधीच्या कमाईच्या किमान ९० टक्के असायला हवी. समजा, एका पॅराने ताशी १८ डॉलरने रोज ६ तास, १८० दिवस काम केले. तिची वर्षाची कमाई १९,४४० डॉलर झाली आणि तिचे ९० टक्के होतात १७,४९६. पुढच्या वर्षाच्या पत्रात तोच दर आणि रोज ४ तास लिहिले असतील, तर कमाई १२,९६० डॉलर होईल. हे विश्वासार्ह आश्वासन ठरू नये. तास साडेपाच असतील, तर कमाई १७,८२० होते आणि आश्वासन टिकते. पूर्ण वर्ष एका शिक्षिकेच्या बाळंतपणाच्या रजेवर बदली म्हणून शिकवलेल्या आणि आता केवळ रोजंदारीच्या यादीत नाव राहिलेल्या सबस्टिट्यूट टीचरने हे गणित अवश्य मांडावे, कारण अशा प्रकरणांत फरक मोठा निघतो. याउलट, गेल्या वर्षी रोजंदारीच्या यादीवरच होतो आणि पुढेही त्याच अटींवर आहोत, अशा सबस्टिट्यूट टीचरला सामान्यतः आश्वासन आहे असेच धरले जाते.

या तीन कसोट्या पार झाल्या की पत्रातील अटींकडे वळावे. बऱ्याच पत्रांत अशा आशयाचे वाक्य असते: ‘पुढील शैक्षणिक वर्षात आपल्याला याच पदावर काम मिळेल अशी अपेक्षा आहे, मात्र हे विद्यार्थिसंख्या, निधी आणि कार्यक्रमाची गरज यांवर अवलंबून राहील.’ या एका वाक्यात तीन अटी आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. कोणता कार्यक्रम चालवायचा, हाती असलेला पैसा कुठे वापरायचा, कोणते वर्ग भरवायचे, हे सगळे शाळेच्याच हातात असते, आणि अशा स्वतःच्या हातातील अटीवर लटकवलेले आश्वासन श्रम खात्याच्या मते आश्वासन नव्हे. विद्यार्थी किती येतील किंवा विधिमंडळ किती निधी मंजूर करेल, हे शाळेच्या हातात असेलच असे नाही. तिथे सगळी परिस्थिती एकत्र पाहून काम मिळण्याची शक्यता खरोखर दाट आहे का, हे ठरवले जाते. या पदावर आधी किती वर्षे बोलावले, ज्येष्ठतायादीत आपण कुठे आहोत, गेल्या वर्षी अशी पत्रे मिळूनही कितीजणांना काम मिळाले नाही, याची माहिती इथे उपयोगी पडते. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजच्या तासिकेवरील शिक्षकांनी १९८९ मध्ये नेमका हाच मुद्दा न्यायालयात जिंकला होता: विद्यार्थिसंख्या, निधी आणि कार्यक्रमातील बदल यांवर अवलंबून असलेली नेमणूक हे विश्वासार्ह आश्वासन नाही, असा तो निकाल.

पत्रच मिळाले नसेल, तर मानवसंसाधन विभागाला ईमेल करून पुढच्या वर्षीचे पद, तास आणि दर विचारावेत. उत्तर आले तरी पुरावा होतो आणि आले नाही तरी होतो. कपातीची किंवा करार न वाढवल्याची नोटीस आली असेल, तर प्रश्नच मिटला: अशा व्यक्तीला उन्हाळ्यातही इतर बेरोजगारांप्रमाणे दावा करता येतो. कपात नंतर रद्द होऊन परत बोलावले, तर त्या आठवड्यापासून आडकाठी सुरू होते, आधीच्या आठवड्यांना ती लागत नाही. स्वतः राजीनामा दिला असेल, तर प्रकरण निराळे होते आणि सोडण्यामागचे कारण सिद्ध करावे लागते.

तिसरी पायरी: काम करण्याचा परवाना तपासावा

भत्ता मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात: आधीची कमाई परवाना असताना झालेली असावी आणि दाव्याच्या प्रत्येक आठवड्यात काम करण्याचा परवाना चालू असावा. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांचा प्रश्न नाही. एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरी-व्हिसाधारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवान्याचे कार्ड, असलेल्यांना कोणत्याही मालकाकडे काम करता येते, म्हणून कार्ड चालू असेपर्यंत तेही पात्र ठरू शकतात. नूतनीकरण रखडून कार्डाची मुदत संपली आणि काम करण्याचा अधिकार थांबला, की तेवढ्या आठवड्यांचा भत्ता जातो. एच-१बी व्हिसावरील शिक्षकांचा परवाना एका मालकाशी बांधलेला असल्यामुळे ‘कोणतेही योग्य काम घ्यायला तयार’ ही अट पाळणे त्यांना बहुधा शक्य होत नाही, आणि त्यांनी दावा करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. भत्ता घेतला तर ग्रीन कार्ड अडेल, ही भीती मात्र अवाजवी आहे. हा कमाईवर मिळणारा विमा असून २०२२ च्या नियमावलीत तो ‘पब्लिक चार्ज’, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून असण्याचे लक्षण, म्हणून मोजला जात नाही. असे नियम सरकारागणिक बदलतात, म्हणून ज्यांचा अर्ज चालू आहे त्यांनी त्या वेळचा नियम पाहून घ्यावा.

चौथी पायरी: दावा लगेच दाखल करावा

ज्या राज्यात काम केले त्या राज्याकडे दावा करायचा असतो, राहतो तिथे नव्हे. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कच्या शाळेत काम करणाऱ्याने न्यूयॉर्ककडे जावे. शेवटच्या दिवसानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन अर्ज भरावा, कारण दावा सहसा अर्जाच्या आठवड्यापासून सुरू होतो आणि मागची तारीख मिळवणे कठीण जाते.

कमाई मोजण्याचा काळ म्हणजे शेवटच्या पूर्ण झालेल्या पाच तिमाहींपैकी पहिल्या चार. जून २०२६ मध्ये अर्ज केला, तर जानेवारी ते डिसेंबर २०२५ ची कमाई पाहिली जाईल. ऑगस्ट २०२५ मध्ये नोकरी लागलेल्या नवख्या व्यक्तीचे त्यात चार-पाच महिनेच येतात. ते अपुरे पडले, तर पुष्कळ राज्ये शेवटच्या चार पूर्ण तिमाही धरण्याची पर्यायी पद्धत वापरतात.

अर्जात शाळेत काम केले का आणि परत जाण्याचे आश्वासन आहे का, असा प्रश्न येतो. इथे सत्य आणि पूर्ण उत्तर द्यावे. पत्र मिळाले असेल, तर मिळाले असे लिहावे आणि पुढे मोकळ्या जागेत त्यातील अटी, कमी झालेले तास किंवा बदललेले पद नोंदवावे. नुसते ‘हो’ लिहिले, तर दावा तिथेच संपण्याचा संभव असतो. ‘नाही’ लिहिले आणि शाळेने पत्राची प्रत पाठवली, तर प्रकरण खोट्या माहितीवर जाते. आणि शाळा प्रत पाठवतेच. बहुतेक डिस्ट्रिक्ट विम्याचा नियमित कर भरण्याऐवजी दिलेल्या भत्त्याची रक्कम राज्याला डॉलरला डॉलर परत करतात, त्यामुळे प्रत्येक दाव्याचा खर्च थेट त्यांच्या अंदाजपत्रकावर पडतो.

पाचवी पायरी: दर आठवड्याला हजेरी, आणि भारतवारीचा प्रश्न

अर्ज प्रलंबित असला किंवा नाकारला गेला असला, तरी साप्ताहिक प्रमाणपत्र भरत राहावे. काम करण्यास सक्षम व उपलब्ध आहोत, काम शोधत आहोत, कोणते काम नाकारले नाही, आणि त्या आठवड्यात किती कमावले, एवढे त्यात सांगायचे असते. कमाई करपूर्व लिहावी आणि पगार हाती आलेल्या आठवड्यात नव्हे, तर काम केलेल्या आठवड्यात दाखवावी. शिकवणीचे शंभर डॉलरही त्यात धरावेत.

जून-जुलैत पुण्याला किंवा कोल्हापूरला जाण्याचा बेत असेल, तर त्या आठवड्यांचा भत्ता मागू नये. देशाबाहेर असलेली व्यक्ती इथल्या कामासाठी उपलब्ध नसते, हे कोणत्याही राज्याचा निरीक्षक मान्य करेल. तिकडून व्हीपीएन लावून प्रमाणपत्र भरणे, किंवा इथे राहिलेल्या नवऱ्याला ‘तेवढे क्लिक करून टाक’ असे सांगणे, हा गैरव्यवहार ठरतो. घेतलेली रक्कम तर परत करावी लागतेच, शिवाय केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान १५ टक्के दंड बसतो. परत आल्यावर दावा पुन्हा चालू करता येतो, तेव्हा प्रवासाच्या तारखा सरळ कळवलेल्या बऱ्या.

सहावी पायरी: नकार आल्यास अपील

नकाराच्या पत्रावर अपिलाची मुदत छापलेली असते आणि ती पत्र पाठवल्याच्या तारखेपासून मोजतात. कॅलिफोर्नियात व न्यूयॉर्कमध्ये ती ३० दिवसांची आहे, टेक्सासमध्ये १४ दिवसांचीच. अपिलात लांबलचक कैफियत लागत नाही. ‘मला विश्वासार्ह आश्वासन मिळालेले नाही, म्हणून मी या निर्णयाविरुद्ध अपील करते’ एवढे वाक्य पुरते. सुनावणी बहुधा फोनवर, प्रशासकीय न्यायाधीशांपुढे होते. आश्वासनाचे पत्र, दोन्ही वर्षांच्या तासांचा हिशेब, पगाराच्या चिठ्ठ्या आणि मानवसंसाधन विभागाशी झालेले ईमेल आधीच पाठवून ठेवावेत. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल, तर मराठी दुभाषी मागावा. तो मोफत असतो, पण मागणी अपिलाच्या अर्जातच नोंदवावी. युनियनचे सभासद असाल, तर तिथल्या प्रतिनिधीला पत्र दाखवावे, कारण त्याच डिस्ट्रिक्टमधील आधीची प्रकरणे त्यांना माहीत असतात.

सप्टेंबरमध्ये काम मिळाले नाही तर

इथे दोन गटांचे मार्ग वेगळे होतात. शिक्षकाचे आश्वासन मागे घेतले गेले, तर केंद्रीय नियमानुसार तो त्या वेळेपासून पुढे पात्र होतो. गेलेला उन्हाळा भरून मिळत नाही. शिकवण्याव्यतिरिक्त काम करणाऱ्यांना मात्र केवळ आश्वासनाच्या कारणावरून भत्ता नाकारला गेला असेल आणि नंतर शाळेने काम दिले नसेल, तर नाकारलेल्या आठवड्यांची रक्कम मागाहून मिळते. अट एकच, की त्या प्रत्येक आठवड्याचा दावा वेळेवर भरलेला असावा. साप्ताहिक प्रमाणपत्र सोडू नये असे वर सांगितले ते यासाठी. उन्हाळाभर ‘नाहीतरी मिळणार नाही’ म्हणून फॉर्म न भरलेल्या कर्मचाऱ्याचा हा हक्क बुडतो.

कॅलिफोर्नियातील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना आणखी एक वाट आहे. डिस्ट्रिक्ट सहभागी असेल, तर वर्षभर पगारातून ठरावीक भाग बाजूला ठेवता येतो आणि राज्य त्यात कमाल तेवढीच भर घालून ती रक्कम उन्हाळ्यात देते. तिची नोंदणी आधीच्या शालेय वर्षातच करावी लागते, म्हणून चौकशी हिवाळ्यात करावी, जूनमध्ये नव्हे.

भत्ता मिळाला, तर तो केंद्रीय आयकराला पात्र असतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये त्यावर स्वतःचा कर घेत नाहीत. अर्जाच्या वेळी १० टक्के केंद्रीय कर कापून घेण्याचा पर्याय निवडता येतो, आणि पुढच्या जानेवारीत मिळालेल्या भत्त्याची रक्कम दाखवणारा १०९९-जी हा फॉर्म येतो, तो विवरणपत्रासाठी जपून ठेवावा.